पेपरवेटला फुटलेला कोंब

टपालबाई सेवानिवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी नकाशा कार्यालयातल्या प्रत्येकाला अमरिलिस या फुलझाडाचा एकेक कंद भेट दिला. घरात, खिडकीच्या आतल्या बाजूला असे कंद वाढवायचे आणि माणसे बघून ते वाटून टाकायचे, हा त्यांचा जुना नाद होता. या खेपेला त्यांनी कंदांवर मेणाचा जाड थर चढवला होता आणि ते टेबलावर उभे राहावेत म्हणून खाली तारेचे वेटोळे बसवले होते. माती नको, पाणी नको, लागेल तेवढे सगळे कंदाच्या पोटातच असते, नुसते उजेडात ठेवा आणि वाट बघा, असे त्या प्रत्येकाला समजावून सांगत होत्या. मुख्य आरेखकांच्या टेबलापाशीही त्यांनी हे सगळे सांगितले, आणि जरा सावकाशच सांगितले. मुख्य आरेखक तेव्हा एका टेकडीच्या उंचीरेषा तपासत होते. त्यांनी मान वर न करता "बरं, बरं" म्हटले, हात पुढे केला, तो निळ्या मेणाचा गुळगुळीत गोळा घेतला आणि समोरच्या नकाशाचा कोपरा वर वळत होता त्यावर ठेवून दिला. कोपरा निमूटपणे खाली बसला.

"छान आहे," ते म्हणाले. "वजन आहे याला."

साहेबांच्या तोंडून कुठल्याही वस्तूची स्तुती कोणी ऐकली नव्हती. टपालबाईंचे डोळे भरून आले.

मुख्य आरेखकांना कार्यालयात 'काटकोन' म्हणत. ते खुर्चीत काटकोनात बसत, जिन्यावरून आले की काटकोनात वळत, आणि त्यांच्या भांगाला पट्टी लावून पाहिली तरी चूक सापडली नसती. या नावाची त्यांना कल्पना होती आणि मनातून ते त्यांना थोडे आवडतही होते. मागे कधीतरी नकाशे रंगवणाऱ्या ताईंच्या मनीप्लांटची ओल शेजारच्या कागदाला लागली होती, कागद फुगला होता आणि त्यावरची एक नदी केसभर सरकली होती. केसभर म्हणजे जमिनीवर किती, याचे गणित साहेबांनी फळ्यावर मांडून दाखवले. त्या हिशेबाने एक आख्खी शाळा पाण्यात गेली होती. त्याच दिवशी त्यांनी कार्यालयात झाड आणायचे नाही असा हुकूम काढला. ताई मनीप्लांट कडेवर घेऊन घरी गेल्या, आणि तेव्हापासून त्या साहेबांशी कामापुरते बोलत.

टपालबाईंनी दिलेले कंदही या हुकमामुळे बाकीच्यांनी घरी नेले. टपालबाई गेल्या त्याच सुमारास साहेबांचा चष्मा बदलला. जवळचे, मधले आणि लांबचे सगळे एकाच काचेतून दाखवणारा हा नवा चष्मा होता. चष्मेवाल्याने तो नाकावर चढवताना बजावले होते की सुरुवातीला पायऱ्या वर आल्यासारख्या वाटतील, सरळ रेषा वाकतील, नसलेले असल्यासारखे दिसेल. घाबरायचे नाही आणि लक्षही द्यायचे नाही. डोळे आपले आपण शिकतात.

त्यामुळे एका सकाळी पेपरवेटच्या टोकातून हिरवे काहीतरी डोकावताना दिसले तेव्हा साहेबांनी चष्मेवाल्याच्या सांगण्याप्रमाणे लक्ष दिले नाही. ते नकाशातल्या एका पुलाकडे वळले. दुपारनंतर पाहिले तरी ते तिथेच होते. पुढच्या काही दिवसांत ते पोपटाच्या चोचीएवढे झाले, मग जिभेएवढे. साहेबांनी चष्मा काढून पाहिले तर हिरवे अंधूक दिसले, पण चष्म्याशिवाय त्यांना सगळेच अंधूक दिसत असे.

शेवटी त्यांनी शिपाईमामांना बोलावले आणि आपल्याला काहीच विचारायचे नाही अशा सुरात विचारले, "मामा, टेबलावर काही दिसतंय का?"

मामांनी नुकतेच टेबल पुसले होते. त्यांना तो टोमणा वाटला. वाकून, मान तिरकी करून त्यांनी टेबलाचा कानाकोपरा पाहिला. "काही नाही साहेब," ते ठामपणे म्हणाले. "एकदम साफ आहे."

म्हणजे ते हिरवे फक्त आपल्यालाच दिसते आहे, असे साहेबांनी धरून चालायचे ठरवले.

त्या संध्याकाळी त्यांनी पेपरवेट खणात बंद केला आणि त्याच्या जागी शाईची बाटली ठेवली. सकाळी मामांनी कागद ठेवायला खण उघडला, तर आत साहेबांचे रोप अंधारात पडलेले. साहेब विसरून गेले असणार, असे समजून मामांनी ते हळूच बाहेर काढले, फडक्याने पुसले आणि खिडकीतला उजेड जिथे पडतो नेमके तिथे नेऊन ठेवले. साहेब आले आणि दारातच थबकले. आपण खणात ठेवले हे खरे, की खणात ठेवल्याचे आपल्याला दिसले, याचा त्यांना उलगडा होईना. त्यांनी मुकाट्याने शाईची बाटली बाजूला केली आणि नकाशाचा कोपरा पुन्हा त्या निळ्या गोळ्याच्या ताब्यात दिला.

मोजले की माणसाला धीर येतो, असा साहेबांचा अनुभव होता. मधल्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की ते गुडघे टेकून टेबलाशी बसत, एक डोळा मिटून पोलादी पट्टी त्या दांड्याला लावत आणि किती वाढ झाली ते पाहत. दांडा वाढतच होता. दुपारच्या त्या निवांत वेळी उन्हाची एक चौकट टेबलावरून सरकत असे, कागदांना कोमट वास सुटत असे, आणि त्या उजेडात तो हिरवा दांडा आतून दिवा लावल्यासारखा दिसे. भास असावा तर असा असावा, असे एकदा साहेबांच्या मनात येऊन गेले, आणि त्यांनी ते मन लगेच दामटून खाली बसवले.

एक दिवस ताई विसरलेला डबा घ्यायला परत आल्या आणि त्यांनी दारातून हे दृश्य पाहिले. काटकोनसाहेब जमिनीवर गुडघे टेकून बसले आहेत आणि एका रोपाकडे बाळाकडे पाहावे तसे पाहत आहेत. ताई पाऊल न वाजवता परत फिरल्या. चहाच्या वेळी ही बातमी सगळ्या टेबलांवरून फिरली. टपालबाईंनी दगडाला पाझर फोडला, असे कोणी म्हणाले. मग झाडांच्या हुकमाचे काय, असे दुसऱ्याने विचारले. साहेबांच्याच टेबलावर झाड आहे म्हटल्यावर हुकूम उरला कुठे, असे ताईंनी उत्तर दिले, आणि दुसऱ्या दिवशी त्या आपला मनीप्लांट घेऊन आल्या. तोच मनीप्लांट, त्याच कानतुटक्या कपात. तो त्यांनी खिडकीत त्याच्या जुन्या जागेवर ठेवला आणि छातीत धडधड घेऊन साहेबांची वाट पाहत बसल्या.

साहेब आले, काटकोनात वळले, आणि त्यांची नजर खिडकीकडे गेली. ज्याला आपण स्वतः हद्दपार केले तो मनीप्लांट तिथे पाने हलवत उभा होता. साहेबांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. त्यांनी भिंतीला हात लावला, मग ते खुर्चीत जाऊन बसले आणि समोरचा नकाशा तपासू लागले.

"बघितलंत?" ताई शेजारच्याला हळूच म्हणाल्या. "किती बदलले."

त्या रात्रीच्या जेवणानंतर साहेबांनी बायकोजवळ कबुली दिली. त्या दोघांचे बोलणे गेली कित्येक वर्षे 'दूध आणलं का' आणि 'दिवा घालवला का' यांच्या पलीकडे क्वचित जाई. मुले लांब होती. भांडण नव्हते, नुसते बोलायचे काही उरले नव्हते.

"मला ऑफिसात झाडं दिसतात," साहेब म्हणाले.

"कुठल्या ऑफिसात?"

"माझ्या."

"पण तिथली झाडं तर तुम्हीच बंद केलीत ना?"

"म्हणून तर म्हणतोय."

तिने हातातले भांडे खाली ठेवले. मग साहेबांनी पेपरवेटपासून मनीप्लांटपर्यंत सगळे क्रमवार सांगितले. तिने मधे एकदाही टोकले नाही. सकाळी ते कामावर गेल्यावर ती तडक भावाकडे गेली. भावाचे औषधांचे दुकान होते. डॉक्टरांचे अक्षर लागते म्हणून तो स्वतःला निम्मा डॉक्टर समजत असे. त्याने बहिणीला काउंटरच्या आत बसवले, डोळे मिटून सगळे ऐकले आणि निदान केले. हा प्रकार कामाच्या ताणाचा आहे. अशा माणसाला खोटे पाडायचे नाही, त्याच्या कलाने घ्यायचे. दिसते म्हणतो ना, मग काय दिसते ते रोज आस्थेने विचारायचे. आणि झोपताना गरम दूध.

त्या संध्याकाळपासून साहेब घरी आले की ती दूध गरम करी, खुर्ची ओढून समोर बसे आणि विचारी, "आज किती वाढलं?" पहिल्या दिवशी साहेब ओशाळले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेच जिना जरा भरभर चढू लागले. सांगण्यासारखे पुष्कळ होते, कारण मनीप्लांट परत आल्याचे पाहून कार्यालयात सगळ्यांचीच भीड चेपली होती. एकाने कपाटावर फर्न आणून ठेवला. दुसऱ्याने रंगाच्या रिकाम्या डब्यात लिंबाचे रोप लावले. कोणाचा निवडुंग आला, कोणाची कोरफड आली, आणि दाराजवळच्या कोपऱ्यातल्या आरेखकाच्या दिव्याच्या दांडीवर घेवड्याचा वेल चढू लागला. साहेब या सगळ्यातून रोज मान ताठ ठेवून चालत जात. फर्नचे पान तोंडावर आले तर जळमट झटकावे तसे हाताने बाजूला करीत, आणि कोणाकडे न पाहता पुढे जात. संध्याकाळी हे सगळे ते बायकोला सांगत. वेलाला कशी आकड्यासारखी टोके आहेत, तो रोज दिव्याभोवती एक वेढा कसा घेतो, दुपारी सगळी पाने कशी एकदम स्तब्ध होतात. ती हनुवटीखाली हात धरून ऐके. एकदा घेवड्याला शेंग आली का, असेही तिने विचारले. हिला किती काळजी, असे साहेबांना वाटले, आणि ती इतकी काळजी करते आहे तर आजार मोठाच असणार, असेही वाटले.

कार्यालयात मात्र सुखाचे दिवस आले होते. साहेब कोणाला बोलत नव्हते. एखाद्या नकाशात रस्ता वाकडा दिसला तर तो कागदावर वाकडा आहे की आपल्या डोळ्यांत, हे सांगता येत नसल्यामुळे ते तो तसाच सोडून देत. रंग फिका वाटला, सोडून देत. लोक गुणगुणत काम करू लागले. ताई रोज झारीने सगळ्या कुंड्यांना पाणी घालत आणि साहेबांच्या टेबलाजवळ आल्या की कमरेवर हात ठेवून त्या उंच दांड्याकडे दोन क्षण पाहत राहत. त्याच्या टोकाशी आता एक फुगीर कळी धरली होती.

अशाच एका पाणी घालण्याच्या वेळी झारीतून पाण्याचा एक थेंब एका छोट्या शहराच्या ताज्या नकाशावर पडला. नदीचा रंग अजून ओला होता. थेंब तो रंग घेऊन थोडा पसरला आणि बाजारपेठेच्या मधोमध सुबक, निळा, अंडाकृती होऊन वाळला. नकाशा तपासणीला आला. भर बाजारात तळे पाहून साहेबांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी स्वतःशीच मान हलवली. झाडांपर्यंत ठीक होते, आता पाणीही दिसू लागले. त्यांनी सही केली.

नकाशा छापून त्या शहरात पोहोचला. तिथल्या अग्निशामक दलाचे प्रमुख उत्साही होते. आपल्या शहरात तळे असल्याचे वाचून त्यांना आनंद झाला आणि त्यांनी पाणी भरण्याची नवी जागा म्हणून तेच मुक्रर केले. सरावाच्या दिवशी दोन बंब घंटा वाजवत बाजारात शिरले, जवानांनी नळ्या उलगडल्या आणि नकाशाप्रमाणे मोजून पावले टाकत ते एका कापडदुकानात घुसले. दुकानदाराने काय हवे विचारले. त्यांनी तळे म्हणून सांगितले. यावरून शब्दाला शब्द वाढला, गर्दी जमली, आणि थोड्याच दिवसांत तो नकाशा हातात घेऊन खुद्द नकाशा खात्याचे संचालक न कळवता साहेबांच्या कार्यालयात येऊन दाखल झाले.

त्याआधी, फक्त एकच दिवस आधी, कळी उमलली होती. एका दांड्यावर चार फुले, चार दिशांना तोंडे करून. पांढऱ्या पाकळ्यांच्या कडेला गुलाबी रेघ होती, कसलेल्या हाताने एका दमात ओढावी तशी, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. साहेब दिवसभर त्या रेघेकडे पाहत बसले. संध्याकाळी मात्र त्यांनी घरी सांगितले की कळी अजून मिटलेलीच आहे. फुले दिसू लागली म्हणजे आजार टोकाला गेला, आणि हे ऐकून बायको घाबरेल, असे त्यांना वाटले.

संचालक दारातून आत आले ते रागातच. दोन पावले टाकली आणि घेवड्याच्या वेलाने त्यांची टोपी काढून घेतली. त्यांनी मान वळवली. कपाटावरून फर्न ओघळत होता, खिडकीत मनीप्लांट होता, लिंबाच्या रोपाला एक लिंबू धरले होते. सगळे उभे राहिले. साहेबही उभे राहिले, नेहमीसारखे ताठ, नजर समोरच्या भिंतीवर.

"हे काय आहे?" संचालकांनी विचारले.

"काय, साहेब?"

"काय म्हणजे? ही झाडं."

साहेबांची नजर भिंतीवरून हळूहळू खाली आली. "तुम्हाला झाडं दिसतायत?"

"मी आंधळा आहे का?"

"तसं नाही," साहेब म्हणाले. "तो कपाटावरचा फर्न... तोही?"

"तोही."

"ते लिंबू?"

"लिंबूसुद्धा." हा माणूस आपली चेष्टा करतो आहे की काय असे संचालकांना वाटले होते, पण साहेबांचा चेहरा पाहून त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

"आणि हे?" साहेबांनी टेबलाकडे बोट दाखवले, पण तिकडे पाहण्याचे धाडस त्यांना होईना. "या पेपरवेटला काही आलंय का?"

संचालक टेबलाजवळ गेले. "फुलं आलीत," ते म्हणाले. "चार."

साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग ते हसू लागले. काटकोनसाहेबांना हसताना पाहण्याची कोणाला सवय नव्हती, त्यामुळे मामा पाणी आणायला धावले. ताईंनी पुढे होऊन सांगितले की साहेब, हा पेपरवेट नाही, अमरिलिसचा कंद आहे, टपालबाईंनी तुमच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं होतं, तुम्ही बरं बरं म्हणालात. आणि मनीप्लांट? तो माझाच, साहेब. साहेबांनी एकेका टेबलाकडे बोट दाखवून विचारले आणि एकेकाने मान खाली घालून कबूल केले. प्रत्येक कबुलीसरशी साहेब अधिकच खूष होत गेले. इतक्या गुन्ह्यांची कबुली इतक्या आनंदाने ऐकणारा अधिकारी संचालकांनी पाहिला नव्हता. त्यांनी तळ्याची आठवण करून दिली. "म्हणजे तळंही होतं?" साहेब म्हणाले. "फार छान."

संचालकांनी जे बोलायचे ते बोलून घेतले. संध्याकाळच्या आत सगळ्या कुंड्या घरी गेल्या पाहिजेत, नकाशा पुन्हा काढला पाहिजे, अग्निशामक दलाची आणि कापडदुकानदाराची लेखी माफी मागितली पाहिजे. बोलता बोलता त्यांची नजर त्या फुलांवर गेली आणि वाक्य मधेच राहिले. खिडकीतून ऊन येत होते. मग ते वेलातून टोपी सोडवून घेऊन दाराकडे निघाले. मामांनी आदबीने विचारले की साहेबांचं हे झाडही हलवायचं का. संचालकांनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिले.

"ते हलवलं तर नकाशा गुंडाळेल," ते म्हणाले आणि गेले.

साहेब त्या दिवशी घरी पायी निघाले. आपण ठणठणीत आहोत, आपल्याला जे दिसले ते सगळे होते, हे सांगण्यासाठी कधी एकदा घरी पोहोचतो असे त्यांना झाले होते. अर्ध्या वाटेवर त्यांची चाल मंदावली. सगळे खरे होते म्हणजे रोज संध्याकाळी ती जे ऐकत होती ते तिच्या लेखी खोटे होते. ती आजाऱ्याची विचारपूस करत होती. आजारी कोणी नाही म्हटल्यावर दूध गरम करायचे कारण नाही, खुर्ची ओढायचेही नाही. उद्यापासून पुन्हा 'दिवा घालवला का'. घराच्या कोपऱ्यावर साहेब नेहमीसारखे काटकोनात वळायचे विसरले आणि कडेकडेने, गोल वळून जिना चढले.

दूध तयार होते. ती खुर्ची ओढून बसली. वाळलेले कपडे मांडीवर घेऊन ती घड्या घालत होती. साहेबांनी काही सांगायचे नाही असे ठरवले होते. त्यांनी कप उचलला.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "त्या पाकळ्यांना कडेने गुलाबी रेघ आहे ना, ती जसजसं फूल शिळं होतं तशी पुसट होत जाते का? का शेवटपर्यंत राहते?"

साहेबांनी कप खाली ठेवला. फूल उमलल्याचे त्यांनी तिला सांगितलेच नव्हते. गुलाबी रेघेचा तर प्रश्नच नव्हता. आज सकाळी ते कामासाठी वरच्या मजल्यावर गेलेले असताना, बहुधा मामांना त्यांच्या प्रकृतीचे विचारायला म्हणून ती येऊन गेली होती, आणि त्या टेबलापाशी उभी राहून तिने ती फुले डोळे भरून पाहिली होती.

"रेघेचं तुला कोणी सांगितलं?"

तिने एका सदऱ्याची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून मोडली, आणि पुन्हा घातली. "तुम्हीच की," ती म्हणाली. "परवा नाही का बोललात?"

समोरच्याची चूक कळूनही गप्प बसायची वेळ साहेबांवर उभ्या आयुष्यात आली नव्हती. त्यांनी चष्मा काढला आणि पुसून पुन्हा चढवला. कपड्यांच्या ढिगाआडून ती त्यांच्याकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखे दाखवत होती. नव्या चष्म्यातून ती अगदी स्वच्छ दिसत होती.

"हो," ते म्हणाले. "बोललो असेन."

"मग? आज काय दिसलं?"

साहेबांनी दुधाचा एक घोट घेतला. "आज संचालक दिसले."

"अगंबाई," ती म्हणाली, कपडे बाजूला ठेवून तिने पाय खुर्चीवर घेतले. "झाडांत?"

"झाडांत," साहेब म्हणाले आणि अगदी दारापासून सांगू लागले.